गाळासकट तेल

९ जानेवारी

खारूताई,

अनेक आशीर्वाद. ट्रकवाला फाटकात उभा आहे आणि म्हणतोय, "म्हातारबा, पत्र लिहिताय की खटल्याचा निकाल?" म्हणून थोडक्यात लिहितो.

सोयाबीनच्या तेलाची सहा पिंपं दिली आहेत. झाकणं मी हातानं घट्ट केली, मग पान्यानं केली, मग पुन्हा हातानं तपासली. तरी चौथ्या पिंपाचं झाकण उतरवताना बघ. ते मला जरा तिरकं वाटलं होतं. ट्रकवाला म्हणतो सरळ आहे, पण त्याला घाई असते.

तुमच्या कारखान्यात औषध तयार होतं, त्यात तेल कशाला लागतं हे मला अजून कळलेलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. यंत्रांना लावत असाल असं मी धरून चाललो आहे. काही का असेना, तू साहेबांकडे शब्द टाकलास म्हणून घाणा चालू आहे. दुकानात सीलबंद बाटल्या आल्यापासून माझ्याकडे तेल न्यायला कुणी येत नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात भंगारवाला घाण्याचं माप घेऊन गेला होता. काकूला जाऊन आठ महिने झाले. घाणाही गेला असता तर या घरात आवाज कसला राहिला असता, सांग.

जेवतेस ना वेळेवर?

तुझा काका


२१ जानेवारी

प्रिय काका,

झाकण सरळ होतं. चौथंही आणि बाकीची पाचही.

तेल यंत्रांना लावत नाही. आमच्याकडे दोन मजले उंच टाक्या आहेत. त्यांत एक जंतू वाढवतात. मातीत राहणारा जंतू आहे, टाकी उघडली की नुकत्याच उकरलेल्या जमिनीसारखा वास येतो. तो आपल्या अंगातून जे सोडतो तेच औषध. जखम चिघळली, ताप उतरेना, की डॉक्टर देतात ते. या जंतूला खायला घालावं लागतं. साखर दिली तर ती तो भराभर संपवतो आणि नुसता फुगत जातो, औषध करायचं नाव काढत नाही. तेल मात्र त्याला सावकाश खावं लागतं. असं थोडं थोडं मिळत राहिलं की तो कामाला लागतो. शिवाय टाकीत फेस चढला की तेलाची धार सोडायची, लगेच खाली बसतो. एका तेलात दोन कामं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या तेलावरच्या पहिल्या टाकीत नेहमीपेक्षा जास्त औषध उतरलं. साहेबांनी तक्ता दोनदा पाहिला. म्हणाले, "काकांचं तेल आहे म्हणून टाकीला गोड लागलं असं समजू नका. आणखी तीन टाक्या बघू. जमल्या तर कायमचं तुमच्या काकांकडून घेऊ, नाही तर मोठ्या कंपनीचं."

म्हणजे आणखी तीन टाक्या, काका.

मी सकाळच्या पाळीला असते. खोली ठीक आहे. खिडकीसमोर भिंत आहे, पण उजेड येतो. जेवण कँटीनमध्ये. आणलेली शेगडी अजून खोक्यातच आहे. एकटीसाठी काय पेटवायची.

तुमची
खारूताई


३ फेब्रुवारी

खारूताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तेल आजारी माणसाच्या औषधात जातं हे तू आधी का नाही सांगितलंस? मी आपला यंत्राचं वंगण समजून बसलो होतो. तुमच्याकडे ते गाळतात ना? उकळतात ना? नीट बघणारा माणूस असतो का, की ट्रकवाल्यासारखा घाईचा? मला हे सगळं कळव.

सहा पिंपं पाठवतो आहे. ट्रकवाल्यानं झाकण काढून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आज तेल दिलंय की आरसा? यात बघून दाढी करावी." मी त्याला म्हटलं, करू नकोस, केस पडतील. तर हसत सुटला. मी थट्टा केली नव्हती.

हात जरा भरून आले आहेत म्हणून अक्षर असं आलं आहे. वयाचं आहे, दुसरं काही नाही.

शेगडी खोक्यात ठेवायला घेतली होतीस का? एकटं माणूसही माणूसच असतं. मी तरी काय, एकटाच आहे, पण सकाळी भात टाकतो. अर्धा संध्याकाळपर्यंत उरतो ते वेगळं. काकूच्या मापानं टाकायची सवय अजून जात नाही.

तुझा काका


१८ फेब्रुवारी

प्रिय काका,

घाबरू नका. तेल आधी वाफेनं तापवतात, मगच टाकीत सोडतात. औषध शेवटी जंतूपासून, तेलापासून, सगळ्यापासून वेगळं काढून धुऊन घेतात. बघणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांतली एक मी.

तुमच्या या खेपेच्या तेलाचे आकडे फार छान आले. आंबटपणा कमी, रंग स्वच्छ, पाण्याचा अंश जवळजवळ नाही. पहिल्या खेपेपेक्षा सरस.

टाकी मात्र तितकी चालली नाही. पहिलीच्या निम्म्यानंच औषध उतरलं. नमुना काढला की वर तेलाचे मोठमोठे थेंब तरंगताना दिसतात. जंतूनं ते खाल्लेलंच नाही, जसंच्या तसं. माझ्याकडून काही चुकलं असेल. ढवळण्याचा वेग कमी ठेवला असेन.

उगाच विचारते, तुमच्याकडे काही बदललं नाही ना? बी, घाणा, पिंपं?

तुमची
खारूताई


२६ फेब्रुवारी

खारूताई,

काही बदललेलं नाही. बी तेच, घाणा तोच, मीही तोच. पिंपं घासून घेतो, ती आधीही घासत होतो.

तुमच्या नळ्या स्वच्छ आहेत का ते बघ. पहिल्या खेपेचं काही आत चिकटून राहिलं नसेल ना? तसं असेल तर सांग, मनाला लावून घेणार नाही. आणि तू स्वतःला दोष देऊ नकोस. लहानपणी घाण्यापाशी बसून तू पोत्यातले शेंगदाणे खात होतीस, म्हणून तुला खारूताई म्हणायला लागलो. पण सालं कधी जमिनीवर टाकली नाहीस, फ्रॉकच्या खिशात भरून न्यायचीस. असल्या मुलीकडून चूक होत नसते.

या वेळचं तेल मी अधिकच जपून दिलं आहे.

थंडी वाजते का तिकडे? पांघरूण पुरतं का?

तुझा काका


१५ मार्च

प्रिय काका,

तिसरी टाकी दुसरीपेक्षाही वाईट गेली. सांगायचं नव्हतं, पण तुम्ही वाट बघत असाल.

तेलाचे आकडे पुन्हा उत्तम आहेत, आणि तेच जास्त छळतं. साहेब दोन्ही तक्ते शेजारी ठेवून म्हणाले, "इतकं साफ तेल आणि टाकी उपाशी? म्हणजे दोष तेलात नाही, बाई." पुढचं ते बोलले नाहीत. सगळ्यांना कळलं. टाकीत पेरायचं जंतूचं बियाणं माझ्या हाताखाली असतं. मी ते तीनदा तपासलं, भिंगाखाली पाहिलं, निरोगी दिसतं. कँटीनमध्ये मी टेबलाशी गेले की बोलणं थांबतं, मग कुणीतरी हवेबद्दल बोलतं. परवा मी ताट खोलीवरच आणलं.

आता एकच टाकी उरली आहे. ती २८ एप्रिलला लागेल. ती गेली की तुमचं तेल बंद, आणि मला बहुतेक बाटल्या धुण्याच्या विभागात पाठवतील.

काका, पुन्हा विचारते. तुमच्यावर संशय नाही. काही, अगदी लहानसंही, बदललं आहे का?

खारूताई


३० मार्च

प्रिय काका,

पिंपं आली, पत्र आलं नाही. ट्रकवाला म्हणाला, पिंपं फाटकाबाहेर मांडून ठेवली होती आणि तुम्ही दारात आला नाहीत. मी विचारलं, बरे आहेत ना? तर म्हणाला, "घाणा चालू होता, म्हणजे बरे असणार. पण हाक मारली तर ओ देईनात."

ही पिंपं मी उघडलेली नाहीत. एक ओळ तरी लिहा.

खारूताई


४ एप्रिल

खारूताई,

ट्रकवाल्याला आज सकाळीच सांगून ठेवलं की आज निकाल लिहायचा आहे, तासभर थांब. तो पिंपावर बसून बिडी ओढतोय. आता मला मागे फिरता येणार नाही.

मी तुला खोटं सांगितलं. दोनदा.

घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असतं. ते काकू निवळायची. मोठ्या पातेल्यात तेल ओतायचं, वर कोमट पाण्याचा हबका, लाकडी पळीनं ढवळून तीन दिवस झाकून ठेवायचं. गाळ फुगून तळाला बसतो. मग वरचं तेल हलक्या हातानं उपसून, आचेवर पाणी उडवून, फडक्यातून गाळायचं. चाळीस वर्षं ते काम तिनं केलं. मी घाणा चालवायचो आणि आपण तेल काढतो असं लोकांना सांगायचो.

ती गेल्यावर मी एकदाही तेल निवळलं नाही. पातेलं पालथं घातलं होतं ते तसंच राहिलं. सरळ करायचा धीर झाला नाही. तू तेल मागितलंस तेव्हा मी घाण्याखालचं गढूळ तेल तसंच पिंपात भरलं. यंत्राला काय कळतंय, असं मनाला सांगितलं. ती पहिली सहा पिंपं.

मग तू लिहिलंस की ते आजारी माणसाच्या औषधात जातं. वाचून मला धडकी भरली. कुणाच्या तरी घरी कुणी अंथरुणावर असेल, आणि त्याच्या औषधात माझा आळस. त्या दिवशी पातेलं सरळ केलं. तिला तीन दिवस लागत, मला पाच लागले. हात भरून आले ते त्यानंच. दुसरी टाकी बिघडली तेव्हा वाटलं, पहिल्या खेपेचा गाळ तुमच्या नळ्यांत बसला असणार आणि तोच आता जंतूला बाधतोय. म्हणून पुढचं तेल दोनदा निवळलं, पहिली घाण धुऊन निघावी म्हणून. त्यानंतरचं तीनदा. तू विचारलंस तेव्हा सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर काकू नाही म्हणून मी काय काय सोडून दिलंय ते सगळं लिहावं लागलं असतं.

तुला बाटल्या धुवायला धाडायचं ठरलं तर साहेबांना हे पत्र दाखव. दोष काकाचा आहे असं सांग. मी सहीही नीट करतो.

काका


८ एप्रिल

काका,

दोन महिने मी स्वतःला दोष देत होते. दोन महिने. हे आधी लिहून टाकते, नाही तर मनात राहील.

लिहिलं. आता पुढचं.

तुमचं पत्र मी टाकीच्या जिन्यावर बसून वाचलं आणि तिथेच हसायला लागले. मग रडले. कामगार म्हणाला, "बाई, फेस डोळ्यात गेला का?"

काका, बिघाड गाळात नव्हता. तुम्ही गाळ काढलात त्यानं बिघाड झाला असं मला वाटतंय. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तो चिकट गाळ मध्ये असला की तेल बारीक बारीक फुटतं आणि पाण्यात मिसळून राहतं. जंतूच्या तोंडात मावेल एवढं होतं. निवळलेल्या तेलाचा मोठा थेंब तो कुठून धरणार? आम्ही आंबटपणा मोजतो, पाणी मोजतो. गाळ कुणी मोजतच नव्हतं, म्हणून आकडे इतके देखणे आले.

हे अजून वाटणंच आहे. सिद्ध करायला गाळ हवा. तो कुठे आहे? फेकलात? फेकला असलात तरी रागावणार नाही, पण लगेच कळवा. ट्रकवाल्याला वाट वाकडी करून यायला सांगितलं आहे.

खारूताई


११ एप्रिल

खारूताई,

फेकलेला नाही. काकू कधी फेकत नसे. दाराच्या बिजागरीला, घाण्याच्या पट्ट्याला, थंडीत टाचांना, सगळीकडे तोच लावायची. मी म्हणायचो, तुझ्या टाचा घाण्यासारख्या वाजत नाहीत त्या यामुळेच. म्हणून मीही डब्यात भरून ठेवत गेलो. वापरायचा कुठे ते माहीत नव्हतं.

तीन डबे देतो आहे. मोठा डबा काकूच्या हातचा आहे, त्यातला गाळ जुना आहे. तो वापरू नकोस. तो चुकून चढवला गेला, उतरवायला सांगितलं तर ट्रकवाला ऐकेना. परत पाठव.

खरंच गाळानं होईल? मला तर हे सगळं उलटंच वाटतंय. नीट बघ. घाई करू नकोस. २८ तारखेला अजून वेळ आहे.

काका


१२ मे

प्रिय काका,

आधी काचेच्या चंबूत करून पाहिलं. एकात नुसतं निवळलेलं तेल, एकात निवळलेलं तेल आणि गाळ. दुसऱ्या दिवशी पहिल्यात थेंब तरंगत होते, दुसरं ताकासारखं एकजीव झालं होतं. साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोन्ही चंबू हलवून पाहिले. मग म्हणाले, "चौथ्या टाकीत तुमच्या काकांचा कचरा घाला."

उघडायची राहिलेली पिंपं होती, त्यांत तुमच्या दोन डब्यांतला गाळ परत मिसळला. काल टाकी उतरवली. पहिलीपेक्षाही जास्त औषध मिळालं.

तेल कायमचं तुमच्याकडून घ्यायचं ठरलं आहे. महिन्याला बारा पिंपं. अट एकच, साहेबांच्याच शब्दांत: "काकांना सांगा, निवळायचं नाही. पाणी घालायचं नाही. घाण्यातून निघेल तसं, गाळासकट."

बाटल्या धुवायला दुसरं कुणी शोधणार आहेत.

काकूचा डबा सोबत परत पाठवते. उघडला नाही. सुट्टी इतक्यात मिळेलसं दिसत नाही. आता सगळ्याच टाक्या या तेलावर चालवायचं काम माझ्या अंगावर आलं आहे.

तुमची
खारूताई


२४ मे

खारूताई,

फार बरं वाटलं. भंगारवाला परवा आला होता, त्याला घाण्याजवळ उभं केलं आणि चालू करून दाखवला. त्यानं कानांवर हात ठेवले.

बारा पिंपं दिली आहेत, निघालं तसं. झाकण लावताना हात कचरत होता. गढूळ तेल औषधाला देताना मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं. पण तू सांगतेस म्हणून.

एक लिहायचं राहिलं. निवळायला जे पाच दिवस लागत, ते आता रिकामे असतात. घाणा सकाळी चालतो, जेवणाआधी थांबतो. मग मी बसून असतो. पातेलं मात्र पुन्हा पालथं घातलेलं नाही. हाताला नुकतं कुठे वळण लागलं होतं, परवा तर तेल तीन दिवसांतच उतरलं, तिच्यासारखं. आणि आता ते कुणाला नको.

म्हणून पिंपांबरोबर एक काचेची बाटली देतो आहे. लाल बुचाची. ती टाकीत ओतू नकोस. जंतूला गाळाचं लागतं, तू काही जंतू नाहीस. हे तुझ्या जेवणासाठी आहे, काकू करायची तसं निवळलेलं. शेगडी खोक्यातून काढ.

बाटली संपली की परत पाठव. दुसरी भरून ठेवली आहे.

तुझा काका


१६ जून

खारूताई,

बाटली पोचली. बरोबर पत्र नव्हतं. ट्रकवाला म्हणाला, बाईंना मान वर करायला फुरसत नाही, फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवली होती. कामात असशील. रागावलेलो नाही.

पण बाटली धुऊन का पाठवलीस? साबणाचा वास येतोय आणि आतून कोरडी ठणठणीत आहे. धुतली की तू तेल खाल्लंस, कुणाला दिलंस की मोरीत ओतलंस, मला काहीच कळत नाही. मी ती उजेडात धरून पुष्कळ पाहिली. धूत जाऊ नकोस.

दुसरी देतो आहे. पिंपं बारा. दहाव्या पिंपाला पोचा आहे, गळत नाही, पण बघ.

तुझा काका


७ जुलै

खारूताई,

या वेळीही पत्र नाही. बाटली मात्र आली. ट्रकवाला ती पुसायला फडकं काढत होता, मी त्याच्या हातातून ओढून घेतली. तो म्हणाला, "अहो, बाहेरून किती मळली आहे." मी त्याला म्हटलं, मळलेलीच असू दे, आमच्याकडे मळलेल्यालाच किंमत आहे. तो पुन्हा हसला. या वेळी मी थट्टाच केली होती.

बाटलीवर पिठाची बोटं आहेत. चार एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, कणीक मळता मळता घाईत उचलावी तशी. बोटं बारीक आहेत, तुझीच आहेत.

पीठ जरा सैल भिजवतेस असं दिसतंय. थोडं घट्ट भिजव.

बाटली खिडकीत ठेवली आहे, धुतली नाही. तिसरी सोबत देतो आहे.

तुझा काका